आग्वादाचे पाणी

गोव्याच्या कुलदैवताच्या दर्शनास येणारा भाविक परतीच्या वाटेवर बहुधा एक दिवस समुद्रासाठी राखून ठेवतो. आमचे कुटुंबही त्याला अपवाद नाही. आम्ही राहतो ते बेज्जूर समुद्रापासून शेकडो कोस दूर. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण झालेली प्राणहिता ही आमची नदी. त्यामुळे समुद्राचे आकर्षण आम्हां वनवासी मंडळींस जरा अधिकच. गेल्या खेपेस देवदर्शन उरकून आम्ही बारदेशात शिकेरीच्या टोकावरील आग्वादाच्या किल्ल्यावर गेलो. तेथे दीपगृहापुढे छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची दाटी होती. ज्या मोकळ्या पटांगणावर ती सारी मंडळी उभी होती, त्याच्याच पोटात खांबांवर तोललेले एक प्रचंड टाके आहे याची जाणीव फारच थोड्यांना असावी.

हा किल्ला पोर्तुगीजांनी १६०९ ते १६१२ या काळात, डच आरमाराच्या भयाने बांधला. तथापि त्याचे नाव कोणा संतावरून किंवा सेनापतीवरून पडलेले नाही. 'आग्वादा' म्हणजे गलबतांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. या टेकडीच्या उदरात गोड पाण्याचे झरे होते, आणि लिस्बनहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेली गलबते येथे पाणी घेत. वर बांधलेल्या टाक्यात सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी साठत असे. म्हणजे हा किल्ला तोफांचा होता तितकाच पाण्याचाही होता. ज्याच्या हाती गोडे पाणी त्याच्या हाती बंदर, हे सूत्र त्या दर्यावर्दी लोकांस पक्के ठाऊक होते. आज त्याच टेकडीच्या पायथ्याशी कांदोळी-कळंगूटचा पर्यटनाने गजबजलेला किनारा पसरला आहे, आणि त्या किनाऱ्याचे पाणी तिळारीसारख्या दूरच्या धरणातून नळाने, किंवा कोणाच्या तरी विहिरीतून टँकरने, येते. पाणी देणारी जागा पाणी मागणारी कशी झाली, हा प्रश्न मला त्या पटांगणात उभा असताना पडला. त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ते बरेच मागे, थेट जुन्या गोव्याच्या भग्नावशेषांपर्यंत जाऊन पोहोचले.

जुने गोवे का ओस पडले, असे विचारले असता आपण सहसा डचांची चढाई, व्यापाराचा ऱ्हास, इन्क्विझिशनचा जाच अशी कारणे देतो. ती खोटी नाहीत. परंतु त्या नगरीस आतून पोखरणारे आणखी एक कारण होते, आणि ते तिच्या विहिरींत होते. १५८३ मध्ये आर्चबिशपच्या परिवारातून गोव्यास आलेला यान हुइगेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण तेथे सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराजवळच्या बांगिणी येथील झऱ्याचे पाणी गुलाम घागरींत भरून आणीत आणि शहरात विकीत, असे त्यात नोंदलेले आहे. सोन्यारुप्याच्या बाजारपेठेत पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागत होते! घरोघरच्या विहिरी होत्या, पण जमीन सच्छिद्र आणि वस्ती दाट, म्हणून शहराचा मळ झिरपत झिरपत त्याच विहिरींत उतरे. त्यांतले पाणी लोक वापरीत, आणि साथी येत.

यांपैकी १५४३ सालच्या साथीचे वर्णन गास्पार कोरैया या इतिहासकाराने केले आहे. त्याने त्या रोगास दिलेले नाव वाचून मराठी वाचक थबकल्यावाचून राहणार नाही: 'मोरिशी'. हा आपल्याच 'मोडशी' शब्दाचा अपभ्रंश. पुढे युरोपीय भाषांतून फिरता फिरता या शब्दाचे 'मोर्द शियें', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे भयंकर रूपांतर झाले. आमच्या आजीच्या तोंडी असलेला एक साधा घरगुती शब्द असा जगाच्या वैद्यकीय इतिहासात जाऊन बसला, आणि त्याला तेथे नेले ते नासलेल्या पाण्याने. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने शहर सोडून जवळच्या पणेली येथे मुक्काम हलविला, १७५९ मध्ये तो पणजीस गेला, आणि १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी ठरली. आज जुन्या गोव्यात भव्य चर्चे उभी आहेत, पण त्यांच्याभोवतीचे शहर नाही. शत्रूने न जिंकलेले नगर पाण्याने रिकामे केले असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

याच काळात, याच भूमीवर, पाण्याशी वागण्याची दुसरी एक रीत नांदत होती. ती आपल्या पूर्वजांची गावकरी. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गावची जमीन गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची असे आणि तिचा कारभार त्यांच्या सभेकडे असे. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने तिसवाडीतील या रूढी 'फोराल' म्हणून लेखनिविष्ट केल्या. नव्या राज्यकर्त्यांनाही ही घडी मोडून चालणार नव्हते, कारण ती मोडती तर शेते बुडाली असती. मांडवी आणि जुवारी यांच्या मुखाशी भरतीचे खारे पाणी मैलोगणती आत शिरते. त्या चिखलट भूमीभोवती माती, पेंढा आणि जांभ्याचे दगड यांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी खाजन शेती उभी केली. गोव्यात अशी खाजने सुमारे १८ हजार हेक्टर आहेत. समुद्राच्या पातळीहूनही सखल अशा भूमीत कोरगुटासारखे, खारटपणा सोसणारे भात त्यांनी पिकविले.

या रचनेचा प्राण म्हणजे 'मानस', बांधातील लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढली की तिच्याच दाबाने ही दारे मिटतात आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतील पावसाच्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि जादा पाणी निघून जाते. मनुष्याचा हात लागो वा न लागो, चंद्राच्या कलेप्रमाणे हे यंत्र चालत राहते. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होई, आणि गावकरीच्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई. एका शेतकऱ्याने आपल्या वाट्याच्या बांधाकडे दुर्लक्ष केले तर त्याचे एकट्याचेच शेत बुडत नसे, साऱ्या गावाचे बुडे. म्हणून बांध हा धर्म होता, केवळ मालमत्ता नव्हती.

देवळाचे तळे हेही याच जीवनरीतीचे अंग. सोळाव्या शतकात तिसवाडी-साष्टीतील देवळे पाडली गेली तेव्हा आपल्या पूर्वजांनी मूर्ती नदीपार अंत्रुज महालात नेल्या. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये प्रियोळास गेला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, श्रीमहालक्ष्मी कोलव्याहून बांदिवड्यास. ही कथा आपण प्रत्येक जत्रेत ऐकतो. त्या कथेत एक गोष्ट मात्र सांगावयाची राहून जाते. देव जेथे जाऊन बसले तेथे डोंगराच्या कुशीतले जिवंत झरे आणि त्यांवर बांधलेली तळी आहेत. मंगेशीच्या आवारातील तळे हा तर त्या स्थानाचा सर्वांत जुना भाग मानला जातो. सभामंडप, दीपमाळा, शिखरे ही वैभवाच्या दिवसांत, पुढच्या शतकांत आली. निर्वासित देवाला प्रथम जे लागले ते पाणी.

हे सारे लिहिताना अभिमान वाटतो, पण वकिलाने उलटतपासणी चुकवू नये. गावकरीत वाटा होता तो गावकऱ्यांच्या पुरुषवंशजांना. चिखलात उतरून बांध घालणाऱ्या कुणब्यांना आणि मजुरांना तो नव्हता. देवळाची तळी सर्वांस खुली नव्हती. कोकणातच, सावित्रीच्या काठी महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, आणि त्यापायी दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अस्पृश्यांस वर्ज्य करणारी अनादि रूढी वादींना शाबीत करता आली नाही, असे न्यायालयाने ठरविले. पाण्याचा प्रश्न हा किती पाणी आहे एवढ्यापुरता कधीच नसतो. ते कोणाचे, आणि ते कोण ठरविणार, हाही तितकाच असतो. आपल्या जुन्या व्यवस्थेने पहिल्या भागाचे उत्तर उत्तम दिले. दुसऱ्या भागाचे दिले नाही, आणि म्हणून ती मोडली तेव्हा तिच्यासाठी रडणारे थोडेच उरले.

गोवा मुक्त झाल्यावर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. ते न्याय्यच होते. मात्र बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि पूर्वी ज्या उत्पन्नावर ती जबाबदारी उभी होती ते उत्पन्न व तो धाक तिच्याबरोबर गेला नाही. पुढे शेती परवडेनाशी झाली. घरातील मुले बोटीवर, मुंबईस, आखातात गेली. मानशीवर मासळीच्या लोभाने अवेळी खारे पाणी आत घेतले जाऊ लागले. बांध फुटले, आणि शेतांत भाताच्या जागी खारफुटी माजली. ज्या हक्कासाठी दावे लढले गेले तो मिळाला, पण त्या हक्काच्या पोटातले कर्तव्य निवारस पडले.

नेमक्या याच पिढीत किनाऱ्यावर पर्यटन आले. प्रथम युरोपातील भटकी तरुण मंडळी आली, मग हॉटेले, मग विमाने भरून प्रवासी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. २०१९ या एका वर्षात आलेले पर्यटक सुमारे ८० लाख. त्यातही गर्दी होते ती डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे पाऊस संपून विहिरींची पातळी उतरू लागलेली असते तेव्हा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सारा चार महिन्यांत पडतो, आणि उतारावरून समुद्रास मिळण्यास त्याला फारसा वेळ लागत नाही.

किनाऱ्यावरील विहिरीचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. वाळूत आणि जांभ्यात मुरलेले गोडे पाणी हलके असते. ते खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घिबेन आणि हर्झबर्ग या दोघा शास्त्रज्ञांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल तर समुद्रसपाटीच्या खाली ते सुमारे चाळीस फूट असते. ही वार्ता सुखाची, परंतु तिची दुसरी बाजू तितकीच कठोर आहे. पंप लावून वरची पातळी एक फूट उतरविली की कालांतराने खालून खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. एकाने उपसले म्हणजे शेजाऱ्याची बांय खारट होते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसाळ्यात पुन्हा गोड होत नाही.

मग किनाऱ्याने पाणी आणले कोठून? साष्टी-मुरगावपुरते उत्तर आहे साळावली. सांगे तालुक्यातील या धरणाचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले आणि २००० मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयात कुर्डी गाव गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे ते गाव. सुमारे तीन हजार माणसे वाडे आणि वालकिणी येथे जाऊन वसली. तेथील कदंबकालीन महादेव मंदिर पुरातत्त्व विभागाने दगड दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभे केले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुर्डीची भुई वर येते, आणि मे महिन्यात जुने गावकरी तेथील सोमेश्वराच्या देवळापाशी जमून उत्सव करतात.

या ठिकाणी मी थोडा थांबलो. कोलवा, वेर्णे, केळशी, कुठ्ठाळी, म्हणजे सोळाव्या शतकात ज्या गावांतून आपले देव निघून गेले, तीच गावे आज साळावलीच्या नळाचे पाणी पितात. त्या वेळी देवांनी घर सोडले ते परक्या सत्तेच्या भयाने. या वेळी एका गावाने आपला देव आणि घर सोडले ते आपल्याच लोकांच्या तहानेसाठी. कुर्डीकरांनी जे दिले ते पिण्याच्या पाण्यासाठी दिले, अशी आपली समजूत आहे. त्यातले किती पोहण्याच्या तलावात आणि हिरवळीवर जाते, हे विचारण्याचा अधिकार त्यांना नाही असे कोण म्हणेल?

आता कायद्याचे पाहू. इंग्लंडमध्ये १८४३ साली, म्हणजे योगायोगाने पणजी राजधानी झाली त्याच वर्षी, एका खाणीने शेजारच्या गिरणीची विहीर कोरडी पाडल्याचा दावा निकालात निघाला. जमीनमालकाने आपल्या जमिनीखालचे पाणी मन मानेल तसे काढावे, शेजाऱ्यास त्याबद्दल तक्रार नाही, असे तेव्हा ठरले. त्याचीच छाया १८८२ च्या आपल्या सुविधाधिकार कायद्यावर पडली. पुढे कायद्याने पावले मागे घेतली. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनाऱ्यालगतच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा राखण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई केली. १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या एका विश्रामगृहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नदी, किनारा, पाणी यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. २००२ मध्ये गोव्याने स्वतःचा भूजल कायदा केला. २०११ च्या किनारा अधिसूचनेत खाजनांना स्वतंत्र संरक्षण मिळाले.

नियमांची उणीव आहे असे म्हणता येत नाही. उणीव आहे ती मोजदादीची. रात्री भरून निघालेल्या टँकरने कोणत्या विहिरीतून किती पाणी उचलले, हे लिहून ठेवणारा कोणी नसेल तर कलम कितीही कडक असले तरी पुराव्याअभावी दुबळेच ठरते. राज्याराज्यांच्या भांडणात आपण थेंबाथेंबाचा हिशेब करतो. म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले, आणि तिन्ही राज्यांनी त्या निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. वरून येणाऱ्या पाण्यासाठी ही दक्षता योग्यच. पण खालून शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याविरुद्ध दावा कोणावर लावणार?

कारण समुद्र स्वस्थ बसलेला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली, आणि चढण्याचा वेग वाढत आहे. अरबी समुद्र तापत आहे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ गोव्याला घासून गेले, ते आपण पाहिले. मानशीचे दार पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ते उघडते ते ओहोटीच्या वेळी, बाहेरचे पाणी आतल्याहून खाली गेले की. बाहेरची पातळीच चढत गेली तर दार उघडे राहण्याचा वेळ दर पिढीत कमी होत जाणार, आणि मुसळधार पावसात आतले पाणी आतच कोंडणार. विहिरीचेही तेच. समुद्र चढला की गोड्या पाण्याचा थर दोन्हीकडून दाबला जातो. पाहुण्यांवर जगणाऱ्या दूरच्या प्रदेशांनी ही वेळ अनुभवली आहे. २००८ च्या अवर्षणात सायप्रस बेटाने ग्रीसहून जहाजांनी पिण्याचे पाणी आणविले. लिन्शोटेनने पाहिलेल्या घागरींचेच ते मोठे रूप.

हे सारे आपल्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तरासाठी मला दूर जावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या अग्रशाळेत आम्ही उतरलो होतो. एप्रिलचा महिना. पहाटे नळ कोरडे, आणि भाविक कार्यालयापुढे तावातावाने बोलत होते. त्यांत मीही होतो. थोड्या वेळाने टँकर आला आणि सर्वांची स्नाने झाली. दुपारी मी खालच्या वाडीत सहज गेलो असता एक वृद्ध बाई विहिरीच्या काठावर बसलेली दिसली. तिची घागर अर्धीच भरली होती. "टँकर हांगच्यान भरून व्हरतात, बाब," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी सकाळी केलेले स्नान कोणाच्या विहिरीतले होते ते मला त्या क्षणी कळले. आपण स्वतःस यात्रेकरू म्हणवितो. त्या विहिरीच्या दृष्टीने आपण पर्यटकच.

देवस्थानांचा कारभार १८८६ च्या, आणि नंतर १९३३ च्या, माझानी नियमावलीने बांधला गेला आहे. दर नारळाचा आणि तेलाच्या थेंबाचा हिशेब महाजनांपुढे वाचून दाखविण्याची आपली प्रथा जुनी आहे. त्या वहीत एक रकाना वाढवावा, एवढीच माझी सूचना आहे. तळ्याची आणि विहिरीची पातळी दर पौर्णिमेस मोजून लिहावी, बाहेरून किती पाणी आणले आणि ते कोणत्या गावातून, हेही लिहावे. सभामंडपाच्या छपरावरचे पावसाचे पाणी तळ्यात उतरवावे. तळ्यातील गाळ काढण्याचा खर्च सुवर्णकलशाच्या वर्गणीइतकाच पुण्यप्रद मानावा. चैत्र-वैशाखात अग्रशाळेत उतरणाऱ्यास माणशी किती पाणी, हे दारावर लिहावे. ज्या वर्षी विहीर ठरल्या खुणेखाली जाईल त्या वर्षी उतारूंची संख्या कमी करावी, मग तो उतारू बेज्जूरहून आलेला वकील का असेना.

याने समुद्र थांबणार नाही, हे उघड आहे. तथापि न्यायालयात पुरावा लागतो, आणि वीस वर्षांच्या पौर्णिमेच्या नोंदी हा असा पुरावा आहे की जो कोणत्याही बड्या हॉटेलाच्या वकिलास सहजी खोडता येणार नाही. आपल्या घरचा हिशेब चोख ठेवणाऱ्यालाच दुसऱ्याचा हिशेब मागता येतो.

आग्वादाच्या टाक्यावरून उतरताना माझ्या मुलाने विचारले, "एवढे मोठे टाके, मग आता ते भरत का नाहीत?" मी म्हटले, आता गलबते येत नाहीत. ते उत्तर बरोबर नव्हते. गलबते येतच आहेत, पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. पाणी भरून ठेवणारा मात्र जागेवर नाही.